‘जरा एवढं बघ ना’ : ऑफिसातल्या रोजच्या छोट्या मागण्यांना आवर कसा घालायचा

नाशिककडच्या अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर, कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात जा, एक माणूस असा सापडतोच की ज्याच्या टेबलाशी सगळे ‘जरा’ घेऊन येतात. जरा ही शीट बघ, जरा प्रिंट काढ, साहेबांच्या कानावर जरा घाल, जाता जाता जरा सोड, पगारापर्यंत जरा पाचशे दे. नीट पाहिलं तर मागणारे दहाजण नसतात, एक-दोनच असतात. प्रत्येक काम पाच मिनिटांचं, म्हणून नाही म्हणायला तोंड उघडत नाही. आणि संध्याकाळी बस निघायची वेळ झाली तरी स्वतःचं काम टेबलावर तसंच असतं.

बहुतेकजण यावर दोनच गोष्टी करतात. महिनोनमहिने गिळतात, आणि मग एक दिवस भलत्याच क्षुल्लक गोष्टीवरून, चारचौघांत, भडकतात. त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात भडकणारा राहतो, वर्षभर मागणारा नाही.

आपल्याकडे ऑफिसचं नातं ऑफिसच्या गेटवर संपत नाही. समोरचा इंदिरानगरात आपल्याच सोसायटीत राहतो, किंवा आपल्याच निफाड-दिंडोरीकडचा असतो, त्याच्या घरच्या वास्तुशांतीला आपण जेवून आलेलो असतो. त्यामुळे इंटरनेटवर मिळणारं ‘सरळ नाही म्हणा आणि मोकळे व्हा’ हे इथे चालत नाही. उद्या सकाळी त्याच माणसाबरोबर चहा प्यायचा असतो. अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की त्रास मदतीचा होत नाही. आपल्या हातातलं काम कधी सोडायचं हे दुसरा ठरवतो, त्याचा होतो. ती वेळ ठरवणं परत आपल्या हातात आलं की निम्म्याहून जास्त कटकट तिथेच मिटते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : आठवडाभर फक्त लिहा

या आठवड्यात कोणाला काही बोलू नका. डायरीच्या मागच्या पानावर मागणी आली की एक ओळ टाका : कोण, काय, किती वाजता, आणि तेव्हा आपल्या हातात काय होतं. नोंद साधारण अशी दिसते :

सोम. 10.40. डिस्पॅच. ट्रान्सपोर्टरचा नंबर. त्यांच्याकडे आहे. मी 2बी (जीएसटीचं खरेदीचं विवरण) जुळवत होते.
सोम. 12.50. डिस्पॅच. ई-वे बिल (माल गाडीतून न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढून द्या. गाडी उभी आहे. जेवण राहिलं.
मंगळ. 5.10. स्टोअर. स्टॉक शीटचा फॉर्म्युला तुटला. मागच्या आठवड्यातलाच.

आठवड्यानंतर पान वाचलं की काही गोष्टी आपोआप दिसतात. एकच मागणी पुन्हा पुन्हा येते. ती ठरावीक वेळेला येते, जेवणाच्या आधी किंवा सुटायच्या तोंडावर. आणि कधीकधी असंही दिसतं की आपल्याला वाटत होतं तेवढा वेळ काही जात नाहीये, राग मात्र जास्त आहे. तेही कळलेलं बरं, कारण मग प्रश्न त्या माणसाच्या मागण्यांचा नसून त्याच्या बोलण्याच्या पद्धतीचा असतो आणि उपायही निराळा लागतो.

ते पान कोणाला दाखवायचं नाही. ते आपल्यासाठी आहे. पुढे कधी वरिष्ठांपर्यंत जायची वेळ आली तर मात्र फार उपयोगी पडतं.

दुसरी पायरी : ज्यात तुमचं नाव लागतं ते वेगळं काढा

काही मागण्या दिसायला सगळ्यात छोट्या असतात आणि असतात सगळ्यात मोठ्या. ज्या मदतीत तुमची सही, तुमचा पासवर्ड, तुमच्या नावाची गाडी किंवा तुमची हजेरी वापरली जाते, तिथे मैत्री किती जुनी आहे हे बघू नका. तिथे पहिल्या दिवसापासून नाही.

‘माझं पंचिंग कर, मी दहा मिनिटांत पोचतो.’ पकडलं गेलं तर दोघांवरही कारवाई होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की कारखान्यात आग लागली किंवा गॅस गळला तर बाहेर काढलेल्या माणसांची मोजणी हजेरीवरूनच होते. आत नसलेला माणूस आत दाखवला, तर त्याला शोधायला कोणीतरी धुरात शिरणार.

‘तुमच्या लॉगिनने एक ई-वे बिल काढू द्या.’ ई-वे बिल एकदा निघालं की गाडीचा नंबर बदलता येतो, पण माल, किंमत किंवा पार्टी चुकली तर दुरुस्ती नाही. 24 तासांच्या आत ते रद्द करून नवीन काढावं लागतं. चूक कोणाच्याही हातून होवो, सिस्टिममध्ये लॉगिन तुमचं दिसतं. शिवाय याला सरळ उपाय आहे : त्या पोर्टलवर कंपनीच्या मुख्य लॉगिनखाली सब-युजर तयार करता येतो. डिस्पॅचला स्वतःचं लॉगिन मागून घ्या, साहेबांना मेल तुम्हीच करा. एक मेल लिहून वर्षभराची मागणी जाते.

‘पतसंस्थेच्या फॉर्मवर जामीनदार म्हणून सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ ती फॉर्मॅलिटी नसते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. हप्ते थकले तर संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते आणि राज्याच्या सहकार कायद्यात कलम 101 चा वसुली दाखला, म्हणजे दिवाणी दाव्याशिवाय थकबाकी वसूल करायची सोय, आहेच. ज्याचं कर्ज तुम्ही स्वतः फेडू शकता आणि फेडायची मनाची तयारी आहे, त्याच्याच फॉर्मवर सही करा. बाकीच्यांना एकच वाक्य, सगळ्यांना तेच : ‘जामीन कोणालाच राहायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.’ हे खोटं वाटत असेल तर आज घरी जाऊन तसं ठरवा, म्हणजे खरं होईल.

‘गाडीची चावी दे, त्रिमूर्ती चौकातून येतो.’ चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 180 खाली गाडीच्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स असलं तरी हेल्मेट नसल्याचं किंवा सिग्नल तोडल्याचं ई-चलन गाडीच्या नंबरवर, म्हणजे तुमच्या मोबाइलवर येतं. ते पैसे मागायला परत तुम्हालाच जीभ उचलावी लागते.

तिसरी पायरी : तो का मागतो, ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा, कारण कारण ओळखलं नाही तर चांगल्या माणसाला दुखावतो आणि चुकार माणसाला सवलत देतो.

काहींना ते काम खरंच येत नाही आणि सांगायची लाज वाटते. पन्नाशी ओलांडलेले, हाताने रजिस्टर लिहिण्यात हयात गेलेले स्टोअरमधले काका अचानक एक्सेलसमोर बसवले गेले की ते दर तासाला कोणालातरी हाक मारणारच. त्यांना नाही म्हणणं क्रूरपणाचं आहे. करून देणंही बरोबर नाही, कारण त्यामुळे ते कायमचे परावलंबी होतात. त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवा, माउस त्यांच्याच हातात द्या आणि तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. तुम्ही माउस हातात घेतलात की शिकवणी संपली. पायऱ्या मराठीत, त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. दोन-तीन बैठका लागतात. त्यानंतर हेच काका दुसऱ्यांना शिकवताना दिसतात.

काहींना काम येतं, पण चुकण्याची धास्ती असते. ते उत्तर विचारायला येत नाहीत, ‘बरोबर आहे ना?’ एवढंच ऐकायला येतात. त्यांना उत्तर देऊ नका, विचारा : ‘तुम्हाला काय वाटतं?’ ते बरोबरच सांगतात. ‘मग पाठवा.’ काही वेळा असं झालं की येणं आपोआप कमी होतं.

काहींवर कामाचा बोजाच इतका असतो की ते सांडतं आणि तुमच्या टेबलावर येतं. दोन माणसांची जागा, त्यातला एक सोडून गेला, दुसरा भरलाच नाही. इथे तुम्ही मदत करत राहिलात तर कंपनीला तिथे माणूस कमी आहे हे कधी कळणारच नाही. त्याच्याबरोबर बसून कामाची यादी करा आणि ती यादी त्याच्या साहेबांकडे त्याला न्यायला लावा. ही खरी मदत, आणि ती एकदाच करावी लागते.

काहीजण एकटे असतात. नवीन बदली होऊन आलेला, घरचे जळगावला किंवा नगरला, इथे पवननगरात खोली घेऊन राहणारा. प्रिंट हे निमित्त असतं, त्याला दोन शब्द बोलायचे असतात. त्याला डबा खायला आपल्या टेबलावर बोलवा. मागण्या निम्म्या होतील.

आणि राहिले ते, ज्यांना करायचंच नसतं. त्यांची ओळख सोपी आहे : तुम्ही शिकवता म्हटलं की त्यांना घाई असते. पुढच्या पायऱ्या मुख्यतः यांच्यासाठी आहेत.

चौथी पायरी : उत्तर लगेच देऊ नका

आपण ‘हो’ म्हणतो ते विचार करून म्हणत नाही, सवयीने म्हणतो. म्हणून आधी सवय मोडायची. मागणी आली की कुठलंही उत्तर देण्याआधी हातातलं वाक्य, हातातली नोंद पूर्ण करा. मान वर करून सांगा, ‘एवढं संपवते.’ मग बघा. बरेचजण तेवढ्यात स्वतःच वाट शोधतात.

समोरचा टेबलाशी आला की उभं राहणंही कामाला येतं. आपण बसलेले आणि तो शेजारची खुर्ची ओढून टेकलेला, असं झालं की पाच मिनिटांची पंचवीस होतात.

व्हॉट्सॲपवर जास्त सांभाळा. आपण सहज टाकलेला अंगठा समोरच्याने होकार म्हणून घेतलेला असतो. रात्री नऊला ‘उद्या जरा लवकर येऊन माझं चलन बघशील का’ असा व्हॉइस मेसेज आला तर तो रात्री ऐकूच नका. सकाळी ऑफिसात आल्यावर उत्तर द्या, आणि रोज त्याच वेळेला द्या. लोकांना आपल्या उत्तराची वेळ कळते आणि ते त्याप्रमाणे वागायला लागतात.

पाचवी पायरी : होकाराला वेळ आणि माप द्या

ज्या मागण्या रास्त आहेत त्यांना हो म्हणा, पण कधी आणि किती ते तुम्ही सांगा. ‘आत्ता 2बी चालू आहे. साडेचारला या, दहा मिनिटं देते.’ ज्याला खरी गरज आहे तो साडेचारला येतो. ज्याला फक्त काम ढकलायचं होतं तो येत नाही, आणि तुम्हाला नाही म्हणावंही लागत नाही.

अकाउंट्सवाल्यांना तर महिन्याचं कॅलेंडर हीच ढाल आहे. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-1, 15 ला पीएफ आणि ईएसआयसी, 20 ला जीएसटीचंच दुसरं रिटर्न 3बी. या तारखांच्या आधीचे दोन-दोन दिवस कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर लावा : ‘या दिवशी दुसरं काम घेतलं जाणार नाही.’ प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, प्रत्येकाचे असे दिवस असतात, ऑडिटचे, महिनाअखेरच्या डिस्पॅचचे, शटडाउनचे. भिंतीवर लिहिलेल्या तारखेशी कोणी भांडत नाही.

नकार द्यायचा असेल तेव्हा कारणांची माळ लावू नका. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो. ‘आज घाईत आहे’ म्हणालात, तर ‘मग उद्या चालेल.’ ‘गाडीत पेट्रोल कमी आहे’ म्हणालात, तर ‘शंभरचं मी टाकतो.’ खोटी कारणं तर नाशिकसारख्या गावात टिकतच नाहीत. सासूबाई दवाखान्यात आहेत म्हणून निघालात आणि संध्याकाळी कॉलेज रोडला कोणी पाहिलं, की पुढची दोन वर्षं तुमच्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

बोलायला सोपी पडतील अशी काही वाक्यं :

बरोबरीच्याला : ‘हे मला नाही जमणार. शीट तू भर, अडलास तर त्या ओळीवर बोलव.’
वयाने मोठ्यांना : ‘काका, आज नाही होणार माझ्याने. उद्या सकाळी चहाच्या आधी बसू आपण.’
तेच तेच मागणाऱ्याला : ‘मागच्या वेळी दाखवलं होतं. वही काढा, त्यात आहे.’
गाडी उभी करून घाई लावणाऱ्याला : ‘गाडी लागायच्या अर्धा तास आधी सांगा, लगेच करते. आयत्या वेळी नाही करणार.’

वाक्य एकदा बोला, साध्या आवाजात, आणि थांबा. माफीही एकदाच. शेवटी हसू नका, कारण हसलात की समोरच्याला वाटतं अजून थोडं ओढलं तर तुटेल.

सहावी पायरी : एकदा समोरासमोर बोला

आधीच्या पायऱ्यांनी बहुतेक ठिकाणी भागतं. नाही भागलं तर टोमणे मारत बसू नका, बोला. बोलायची जागा महत्त्वाची. कँटीनमध्ये नको, सगळ्यांसमोर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. चारच्या चहाला गेटबाहेरच्या टपरीवर, दोघंच असताना. तो नुकताच साहेबांची बोलणी खाऊन आलेला असेल तर तो दिवस सोडा.

बोलताना ‘तुम्ही नेहमीच’ असं सुरू करू नका. एक काम धरा, त्याने तुमचं काय होतं ते सांगा, पुढे काय करणार ते सांगा, आणि काय करायची तयारी अजून आहे तेही सांगा.

‘भाऊ, एक बोलायचं होतं. डिस्पॅचची शीट रोज सकाळी माझ्याकडे येते. ती करता करता माझं बँकेचं काम दुपारवर जातं आणि संध्याकाळी मला थांबावं लागतं. सोमवारपासून ती तुम्हीच भरा. या आठवड्यात रोज शेजारी बसून दाखवते.’

‘ताई, तुम्ही पाच मिनिटांत करता. मला अर्धा तास लागतो.’

‘लागेल. सुरुवातीला लागणारच. अडलं तर साडेचारला या.’

‘म्हणजे आता आम्ही नकोसे झालो तुम्हाला.’

‘तसं असतं तर शिकवते म्हणाले नसते.’

इथे थांबायचं. नंतरची शांतता अवघड जाते आणि ती भरायला आपण काहीतरी देऊन बसतो, ‘बरं, सोमवार-मंगळवार मी करते.’ देऊ नका. चहा संपवा, दुसरा विषय काढा, बरोबरच आत या.

पहिले काही दिवस मागण्या कमी होण्याऐवजी वाढतात. तो पुन्हा पुन्हा विचारून बघतो. चौथ्या वेळी तुम्ही कंटाळून हो म्हणालात तर तो एवढंच शिकतो की चार वेळा विचारायचं असतं. फुगून बसेल, ‘मोठ्या झाल्यात आता मॅडम’ असंही कोणाकडून कानावर येईल. त्याला उत्तर देऊ नका. त्याच्याशी रोजचं बोलणं आणि राम राम मात्र आधी होता तसाच ठेवा, एक दिवसही न चुकवता. रुसवा उतरायला तेवढंच लागतं.

लिफ्ट आणि उसने पैसे

लिफ्टचं गणित रस्त्यावर ठरतं. तुम्ही सिडकोतून अंबडला जाताय आणि तो त्रिमूर्ती चौकात उभा असतो, तर त्यात काही जात नाही. पण तुम्ही इंदिरानगरचे आणि त्याला पंचवटीत सोडायचं, म्हणजे संध्याकाळी द्वारकेचा चौक ओलांडायचा आणि पुन्हा ओलांडून परत यायचं. आपला रस्ता सोडायचा नाही, एवढा एकच नियम पुरतो : ‘मी पाथर्डी फाट्यावरून वळतो. तिथपर्यंत चल, पुढे सिटीलिंकची बस किंवा रिक्षा बघ.’ रोजचं असेल तर पेट्रोलचा वाटा महिन्याच्या एक तारखेला आणि वाट बघायची हद्द पाच मिनिटं, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. सहा महिन्यांनी पेट्रोलचा विषय काढणं कोणालाच जमत नाही.

पैशांबाबत माझं मत कडक आहे. जेवढे बुडाले तरी माणसाशी आपलं वागणं बदलणार नाही, तेवढेच द्यायचे. दिलेत तर यूपीआयनेच द्या आणि नोंदीत ‘उसने’ लिहा. आधीचे आले नसतील तर दुसऱ्यांदा मागितल्यावर साधं उत्तर आहे : ‘आधीचे मिटू दे, मग बघू.’

मुंबई-पुण्याच्या ऑफिसातून येणाऱ्या मागण्या

नाशिकच्या शाखेत बसणाऱ्यांचा हा खास प्रकार. फेब्रुवारी उजाडला की हेड ऑफिसमधून ‘तुमच्याकडची द्राक्षं पाठव ना दोन पेट्या’, श्रावणात ‘त्र्यंबकला दर्शनाची सोय होईल का’, लग्नसराईत ‘येवल्याची पैठणी बघून ठेव’, आणि मधूनच ‘नारायण नागबळी करायचाय, चांगले गुरुजी सांग’. प्रेमाने मागतात, आणि आपल्यालाही गावाचा अभिमान असतो, म्हणून आपण पळतो. पण पिंपळगावहून पेटी आणायची, ती नाशिकरोडला गाडीवर द्यायची, आणि मणी गळाले म्हणून ऐकूनही घ्यायचं, यात एक रविवार जातो.

माहिती द्यायची, हमाली करायची नाही, असं ठरवा. ओळखीच्या बागायतदाराचा नंबर, त्याला विचारून, एका मेसेजमध्ये लिहून ठेवा. भाव, पाठवणी आणि पैसे त्यांनी आपसात बघायचे. त्र्यंबकच्या देणगी दर्शनाची व्यवस्था देवस्थानाकडेच असते, तिथे चौकशी करा म्हणावं. आपल्या ओळखीवर कोणाला रांगेतून पुढे नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं, कारण त्या रांगेत पहाटेपासून उभी असलेली म्हातारी माणसं असतात. 2027 च्या सिंहस्थात तर ‘दोन दिवस तुझ्याकडे उतरतो’ असे फोन भरपूर येतील. घरच्यांशी बोलून किती माणसं आणि कुठल्या तारखा हे आधीच ठरवा. पहिल्या फोनला जे उत्तर द्याल तेच सगळ्यांना द्यावं लागेल.

बायकांच्याच वाट्याला येणारी कामं

वाढदिवसाचा केक, वर्गणी, खंडेनवमीला मशीनपूजेची रांगोळी, पाहुणे आले की चहाकडे बघणं, मीटिंगमध्ये टिपणं काढणं ‘कारण ताईंचं अक्षर छान आहे’. यातलं एकही काम वाईट नाही आणि ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर करावं. पण वर्षानुवर्षं ती त्याच दोघी-तिघींकडे जातात आणि ती वेळ कुठल्याही अप्रेझलमध्ये मोजली जात नाही. इथे एकटीने नाही म्हटलं की ते काम दुसऱ्या बाईकडे सरकतं, सुटत नाही. म्हणून पाळी लावा. खात्यातल्या सगळ्यांची नावं, पुरुषांसकट, महिन्याप्रमाणे, कागदावर. साहेबांचं नाव पहिल्या महिन्याला असेल तर पुढे कोणी कुरकुरत नाही.

लिफ्ट घ्यायचा आग्रह, रात्रीचे मेसेज, ‘एवढं केलं तुझ्यासाठी, कॉफीला तरी चल’ असं वळण लागलं तर तो या लेखातला विषय राहत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

साहेबच मागत असतील तर

त्यांच्या मुलाचा प्रोजेक्ट, पासपोर्टचा फॉर्म, सोसायटीचा हिशोब. इथे थेट नकार महागात पडू शकतो, तेव्हा निवड त्यांच्यावर सोपवा : ‘सर, 11 तारखेचं रिटर्न आधी करू की हे?’ दोन-तीनदा हा प्रश्न गेला की त्यांनाच कळतं. सहकाऱ्याबद्दल साहेबांकडे जायचं असेल तेव्हाही माणसाबद्दल बोलू नका, कामाच्या वाटणीबद्दल बोला. डायरीचं ते पान बरोबर न्या. ‘डिस्पॅचच्या शीटला रोज माझा इतका वेळ जातो. ती माझ्या कामात धरायची असेल तर माझं दुसरं काहीतरी कमी करा.’

शिफ्टची अदलाबदल

ही मदत मात्र आनंदाने करावी, असं मला वाटतं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, नवरात्रात सप्तशृंगगड, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी, ज्याच्या मनात आहे त्याला जाऊ द्यावं. फक्त दोन गोष्टी त्याच वेळी करून घ्या. सुपरवायझरला दोघांच्या नावाने लेखी कळवा. आणि परतफेडीची तारीख त्याच कागदावर टाका. ‘बघू पुढे कधीतरी’ यावर झालेल्या अदलाबदलीवरूनच नंतर अबोला होतो. दवाखाना, मयत, लेकराचं आजारपण, इथे मात्र कसलाच हिशोब नको. उठायचं आणि जायचं.

नवीन माणूस आला की

मागायची सवय पहिल्या पंधरा दिवसांत लागते, आणि ती बरेचदा आपणच लावतो. नवा माणूस गोंधळलेला असतो, आपण चटकन करून देतो, आणि तो आपल्याला त्या कामाचा माणूस समजून बसतो. म्हणून त्याच्यासाठी एक पान आधीच तयार ठेवा : कुठलं लॉगिन कोणाकडून घ्यायचं, प्रिंटर अडला तर आयटीचा कोणता नंबर, नेहमीच्या ट्रान्सपोर्टरांचे फोन, गेटपासवर कोणाची सही चालते, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये, आणि कुठल्या तारखांना अकाउंट्सला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास त्याच्या शेजारी बसून ते पान त्याच्याबरोबर वाचा, आणि एक प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवा. काही बदललं की खाली नवी तारीख टाकून प्रत बदलायची.